बॉयलरला दिलेला राब

गावात मला 'बिनराब्या' म्हणतात. तक्रार करायची सोय नाही, कारण हे नाव मी स्वतःच्या अकलेवर कमावलंय.

सापगाववरून मुरबाडकडे जाताना आमचं गाव लागतं. मी मुरबाडला कापड रंगवायच्या एका कारखान्यात बॉयलरवर आहे. बॉयलर कोळसा खायचा, मी भरवायचो. आमचा संसार सुखाचा होता. मग परदेशातली गिऱ्हाइकं कापडाच्या रंगाआधी आमच्या धुराची चौकशी करायला लागली. सरकारचेही कागद येऊ लागले. साहेबांनी आम्हाला कँटीनमध्ये बसवून सांगितलं, "कोळसा कमी करायचाय. नाहीतर ऑर्डरी दुसरीकडे जातील. कुणाला काही सुचतंय?"

अशा वेळी शहाण्या माणसाने समोरच्या बटाटेवड्याकडे बघावं. मी हात वर केला.

"साहेब, आमच्याकडे उन्हाळ्यात राब भाजतात." साहेब शहरातले, म्हणून समजावून सांगितलं. भाताचं रोप जिथे करायचं त्या तुकड्यावर झाडाचा टहाळ, पालापाचोळा, शेण अंथरून पेटवतात आणि पावसाच्या तोंडाशी तिथे बी पेरतात. "एवढा पाला उगाच जाळतात. तो बॉयलरला दिला तर?"

उगाच! सात पिढ्या भात खाऊन वाढलेल्या घराण्यातला मी, आणि हा शब्द मी उच्चारला. साहेबांना तो इतका आवडला की आठवड्याभरात या कामाचा प्रमुख म्हणून माझ्या डोक्यावर कारखान्याची हिरवी टोपी आली.

पाला गोळा करून, यंत्रात दाबून त्याचे ठोकळे पाडायला माणसं हवी होती. ती गावाच्या कडेच्या वाडीतून मिळाली. वाडीत कुणाची जमीन नाही. दिवाळी झाली की घरं बंद करून सगळी वीटभट्टीवर जातात. त्या साली भट्टी लवकर थांबली, म्हणून चैत्रातच परतली होती. त्यांच्यात एक म्हातारी होती, तिला मी मावशी म्हणतो. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "काम किती दिस चालंल रं?"

"जमलं तर बारमाही."

"मंग यंदा भट्टीवर जायाचं नाय. नात दरसाल अर्धीच शाळा शिकते. दिवाळीपर्यंतचं सगळं येतं तिला, फुडलं काय म्हायती नाय."

मी छाती फुगवून म्हणालो, "मावशी, काळजी सोड."

गावात मात्र पाला कुणी देईना. माझा चुलता पारावरून म्हणाला, "आधी तुजा राब दे. तुजं रोप आलं तर फुडल्या साली सारा गाव देईल." मी इरेला पेटलो. घरचा सगळा टहाळ टेंपोत भरून दिला. बायकोने दारातून नुसतं पाहिलं. ती बोलत नाही तेव्हा मी सावध व्हायला हवं, हे मला दर वेळी नंतर आठवतं.

बिनभाजल्या जमिनीत बी पेरलं. पाऊस झाला आणि माझा तुकडा सगळ्या गावात हिरवागार! मी त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

"आवो," बायको शेवटी बोलली, "ते भात नाय."

राब भाजतात तो तणाचं बी मरावं म्हणून. मी ते सांभाळून, जोपासून उगवू दिलं होतं. रविवारी टोपी घालून तण बेणायला बसलो. तासाभराने चुलता बांधावर येऊन उभा राहिला. माझ्या उजव्या बाजूचा ढीग त्याने काठीने उसकटला आणि म्हणाला, "पोरा, हे उपटलंस ते भात. राखलंस ते गवत."

संध्याकाळपर्यंत नाव पडलं होतं. लावणीला रोप मला चुलत्याकडूनच उसनं आणावं लागलं. आणि गावाने ठरवलं, कारखान्याला काडीसुद्धा द्यायची नाही.

मला लाज होती ती गावाची नाही, वाडीची. काम संपल्याचं सांगायला गेलो तर मावशी अंगणात कोयत्याला मूठ बसवत होती. मी सगळं सांगितलं, 'उगाच'सकट. ती आधी पोट धरून हसली, मग भडकली.

"लोकांच्या राबाला कशाला हात घातलास? डोंगरावर दरसाल ढोपरभर गवत सुकतं, वनवा लागतो, सारं जळून जातं. ते उगाच जळतं! ते दिसलं नाय तुला? बॉयलरपाशी बसून बसून डोळं गेलं का रं?"

"साहेबांना काय सांगू आता?"

"मला सांगितलंस तेच सांग. हसतील, दुसरं काय?"

मी सगळं सांगितलं, मावशीच्या डोंगरावरच्या गवतासकट. साहेब हसले नाहीत, तेच जास्त वाईट. त्यांनी मोबाइलवर तो हिरवा फोटो पुन्हा उघडला. मग म्हणाले, "म्हणजे हे सगळं गवत? मग गवत पिकवण्यात तुमचा हात बसलाय. डोंगराचंही बघा." मी ग्रामपंचायतीच्या ठरावासाठी फिरलो, परवानगीसाठी वनखात्याच्या बाकावर बसलो. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारायचंच, "बिनराब्या तो तूच का?"

दिवाळी झाली. भट्टीचा टेंपो वाडीवर आला त्या सकाळी मी मुद्दाम तिथे होतो. परवानगी आदल्याच दिवशी हातात पडली होती, पण वाडीने माझ्या शब्दावर दुसऱ्यांदा का विसंबावं? चार घरं टेंपोत चढली. बाकीची मावशीकडे बघत राहिली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मावशीने कोयता खांद्याला लावला आणि डोंगराची वाट धरली, जाता जाता मला म्हणाली, "ती टोपी दे हिकडं. ऊन लागतं."

पहिल्या गवताने बॉयलरची जाळी तुंबली, दोन दिवस मी काळा होऊन फिरलो. आता ठोकळे नीट जळतात. कोळशाचे ट्रक थांबलेले नाहीत, पण पूर्वी गेटवर त्यांची रांग असायची ती नसते. कापलेल्या पट्ट्यापाशी वणवाही अडला. उन्हाळ्यात मी माझा राब यथासांग भाजला. अख्खा गाव बघायला आला होता.

चार घरांपैकी तीन पुढल्या दिवाळीला थांबली. आणि त्याआधी, त्याच उन्हाळ्यात, मावशीची नात पहिल्यांदाच वार्षिक परीक्षेला बसली. निकाल घेऊन मावशी कारखान्याच्या गेटवर आली, डोक्यावर माझी टोपी.

"गनितात गेली," ती म्हणाली. "पन पेपर पुरा लिवला."