छगन मिस्त्रीचा साधा डॅशबोर्ड

छगन मिस्त्री आणि दातांचे डॉक्टर कल्याण शेळके यांची पहिली भेट झाली तेव्हा छगनच्या तोंडात डॉक्टरांची चार बोटं, एक आरसा, एक आकडा, थुंकी ओढणारी नळी आणि कापसाचे सहा बोळे होते. आणखी दोन वासे आणि चार पत्रे हाताशी असते तर डॉक्टरांनी आत एक खोली काढून भाडेकरू ठेवला असता. दात कोरायचं मशीन असं किंचाळत होतं की पलीकडच्या छावणीतल्या रणगाड्यांनी वरमून आपली इंजिनं बंद केली, असं छगन पुढे भिंगारच्या बाजारात भेटेल त्याला सांगत असे.

आणि या सगळ्या गदारोळात डॉक्टर गाडीबद्दल बोलत होते.

गाडी म्हणजे १९५२ सालची मॉरिस. डॉक्टरांनी ती कोपरगावच्या एका ऊस बागायतदाराच्या गोठ्यातून उचलली होती. मागच्या सीटवर कोंबड्यांच्या तीन पिढ्या वाढल्या होत्या. इंजिन दुरुस्त झालं, रंग झाला, पण आधीच्या कुणा मालकाने मूळ डॅशबोर्ड भंगारात घालून त्या जागी प्लायवूड ठोकलं होतं आणि त्यावर गुलाबी फुलांचा सनमायका चिकटवला होता.

"गाडी चालवताना ओट्याखालचं कपाट चालवल्यासारखं वाटतं," डॉक्टर म्हणाले. "सागवानी डॅशबोर्ड हवा. तुम्ही करायचा. दसऱ्याला गाडी बाहेर काढायचीय. मान हलवू नका, नस कापली जाईल."

मान हलवायची नाही म्हटल्यावर नकार कसा देणार? छगनने डोळे मिटले. डॉक्टरांनी तो होकार धरला.

"फक्त एक अट," बोळे काढता काढता डॉक्टर म्हणाले. "साधा हवा. कमान नको, कळस नको. आईच्या खोलीतलं देवघर तुमच्याच हातचं आहे. मी ओळखून आहे तुम्हाला."

हे शेवटचं वाक्य छगनला दाढेपेक्षा जास्त दुखलं.

कारण ते खरं होतं. छगन चाळीस वर्षं देवघरं करत होता आणि आता त्याच्या हातून दुसरं काही होतच नसे. म्हणजे तो करायला जाई दुसरंच. एका निवृत्त सुभेदारांनी चपलांची मांडणी करायला सांगितली. तिला आपोआप तीन कमानी आणि वर एक नाजूक कळस आला. सुभेदारांच्या घरी येणारे पाहुणे मांडणीपासून चार हात लांब चपला काढत आणि तिला नमस्कार करून आत जात. कोंबड्यांचं खुराडं केलं तर त्याला शिखर निघालं. मालकीण पहाटे दार उघडायची ते डोळे खाली घालून, आणि कोंबडाही म्हणे पूर्वीपेक्षा गंभीर आवाजात आरवू लागला.

पण हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. निकिताचं गेलं नाही. निकिता त्याची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नात छगनने स्वतःच्या हाताने ड्रेसिंग टेबल करून दिलं होतं. जीव ओतून केलं होतं, म्हणूनच बहुधा जास्तच बिघडलं. सासरी पोचल्या दिवशी सासूबाईंनी ते बघितलं, "अगबाई, किती सुंदर!" म्हणाल्या आणि आरशापुढे अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मांडून टाकले. तेव्हापासून पाच वर्षं निकिता मोरीतल्या फुटक्या आरशात बघून वेणी घालत होती. तिने तक्रार कधी केली नाही. बायको मनकर्णाने मात्र तिच्या वाटणीची करून ठेवली होती.

"पोरीला एक टेबल धड देता आलं न्हाई तुमाला."

"अगं, टेबलच हुतं ते."

"टेबलापुढं कुनी आरती करतं का?"

म्हणून त्या दिवशी सुजलेला गाल धरून छगन घरी आला तो एक निश्चय करूनच. आयुष्यात एक वस्तू अशी करायची की जिच्यापुढे कुणी हात जोडणार नाही. निकिता दसऱ्याला माहेरी येणार होती. तिच्या डोळ्यांदेखत ते सिद्ध करायचं.

पहिली गोष्ट त्याने केली ती ही की नक्षीची गोल पटाशी गव्हाच्या कोठीत खोल पुरली. हाताशी असली की हात ऐकत नाही, हा अनुभव होता. मग नगरहून जुन्या सागाची फळी आणली, गाडीतली मापं सुतासुतानं घेतली आणि डॉक्टरांनी दिलेली पाच घड्याळं, म्हणजे वेगाचं एक मोठं आणि पेट्रोल, ऑइल, बॅटरी, पाणी अशी चार लहान, फळीवर मांडून बघितली. आठवडाभर काम करून भोकं पाडली, घड्याळं बसवली आणि लांब उभा राहून बघू लागला. कमान नाही. कळस नाही.

मनकर्णा चहा घेऊन आली. कप खाली ठेवला, फळीकडे बघितलं आणि पदर सावरून हात जोडले.

"आता काय झालं?" छगन ओरडलाच. "कुठं हाय कमान?"

"कमान न्हाई वो. पंचायतन केलंय की तुमी. मधी मोठा देव, चार कोपऱ्यांत चार धाकटे."

छगनने बघितलं. खरंच मध्ये वेग विराजमान होता आणि भोवती पेट्रोल, ऑइल, बॅटरी, पाणी दाटीवाटीने बसले होते. फक्त नैवेद्य दाखवायचा राहिला होता. त्या फळीचे नंतर दोन पाट झाले.

दुसऱ्या फळीवर त्याने पाचही भोकं एका रांगेत घेतली, शाळेतल्या कवायतीसारखी. ती जवळजवळ जमली होती. पण एक दिवस गहू दळायला काढताना मनकर्णाला कोठीत पटाशी सापडली, तिने ती धुऊन पुसून त्याच्या पेटीत ठेवली आणि दुपारी पान खाता खाता छगनच्या हाताने खालच्या कडेला कमळाच्या सात पाकळ्या काढल्या. त्याला कळलं तेव्हा आठवी अर्धी झाली होती.

"कुनी ठेवली पटाशी हितं?"

"गव्हात काय करत हुती ती?"

पाकळ्या रंध्याने उतरवल्या. फळी दोन सूत अरुंद झाली, पण साधी झाली. वरच्या कडेला डॉक्टरांचा चष्मा ठेवायला म्हणून एक सपाट पट्टी सोडली, आणि पॉलिश करून त्याने शेवटच्या परीक्षेसाठी शेजारच्या बायडाबाईंना बोलावलं.

बायडाबाईंची भक्ती भिंगारभर ठाऊक होती. विजेच्या डीपीला त्या नमस्कार करत. रस्ता करणाऱ्या रोलरला त्यांनी एकदा कुंकू लावलं होतं. अशी बाई फळीपुढे उभी राहिली. डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली. छगनने श्वास रोखला.

"काय हाय हे?" बायडाबाई म्हणाल्या. "इस्त्रीचं टेबल हाय व्हय? भोकं कशाला पाडली?"

छगनला इतका आनंद झाला की त्याने त्यांना दोन कप चहा पाजला आणि तिसऱ्याचा आग्रह केला.

दसऱ्याला सकाळी डॉक्टरांच्या अंगणात गाडी उभी होती. छगनने आदल्या दिवशीच डॅशबोर्ड बसवला होता, वायरमनने दिवे जोडले होते. नवं धोतर नेसून छगन आला, मागे मनकर्णा, आणि कालच माहेरी आलेली निकिता. डॉक्टरांनी दार उघडून दाखवलं. काळसर सोनेरी सागवान, एका रांगेत पाच घड्याळं.

"वा, मिस्त्री! अगदी हवा तसा. साधा."

छगनने निकिताकडे बघितलं. निकिता वाकून आत बघत होती. "बाबा, हे तुम्ही केलंत?" तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात जे आश्चर्य होतं ते ऐकून छगनची छाती दोन इंच फुगली.

तेवढ्यात डॉक्टरांच्या आई, भागूबाई, हातात ताट घेऊन आल्या. ताटात हळदकुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पानं आणि बोटभर उंचीचा गणपती.

दसऱ्याला गाडीची पूजा होते, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. सहा आठवडे छगन कमानी आणि कळसांवर पहारा देत बसला होता. दसरा कशासाठी असतो, एवढंच तेवढं डोक्यातून गेलं होतं.

"देवाला जागा बाकी झकास सोडलीत हो, मिस्त्री," म्हणत भागूबाईंनी गणपती वरच्या पट्टीवर ठेवला. तो असा फिट बसला की जणू माप घेऊन केला होता.

"आई, ती चष्म्याची जागा हाय," छगन काकुळतीला येऊन म्हणाला.

"चष्मा नाकावर राहील त्याचा."

त्यांनी सागवानावर पाच ठिकाणी कुंकवाची बोटं ओढली, माळ घातली आणि बाजूला झाल्या. छगनने दात आवळले. ठीक आहे. हात गणपतीला जोडतील, डॅशबोर्डला नाही. हे वेगळं मोजता येईल.

डॉक्टरांनी चावी फिरवली. आणि पाचही घड्याळांमागचे दिवे एकदम लागले. मंद, पिवळे, तुपातल्या निरांजनासारखे पाच दिवे एका रांगेत उजळले, सागवान आतून पेटल्यासारखं लालसर झालं, आणि गाडीच्या त्या अंधाऱ्या पोटात असा काही गाभारा तयार झाला की अंगणातलं सगळं बोलणं थांबलं.

सगळ्यात आधी हात जोडले गेले ते छगनचे.

त्याला ते कळलंच नाही. डोळे मिटलेले, मान लवलेली, ओठ काहीतरी पुटपुटताहेत. डॉक्टर बघत राहिले. भागूबाईंनी मागोमाग हात जोडले, मनकर्णाने जोडले, गाडी बघायला आलेल्या बायडाबाईंनी तर कुंपणापलीकडून जोरात "देवा!" म्हटलं.

"बाबा," निकिता कानाशी येऊन म्हणाली, "तुम्ही पण?"

छगनने डोळे उघडले, आपल्या जोडलेल्या हातांकडे बघितलं आणि पटकन ते असे चोळले जणू थंडी वाजत होती. एव्हाना दुपारचे बारा वाजले होते आणि ऊन मी म्हणत होतं. निकिता हसायला लागली. ती इतकी हसली की तिला गाडीच्या दाराला धरावं लागलं, आणि ते बघून मनकर्णा हसली, आणि मग छगनही.

"चला, बसा," डॉक्टर म्हणाले. "भुईकोट किल्ल्याला एक चक्कर मारू."

पुढच्या सीटवर निकिताला बसवलं. तिने खाली वाकून सर्वात लहान घड्याळाच्या काचेत आपला चेहरा बघितला आणि सगळ्यांसमोर केसांची बट नीट केली. छगन मागे कोंबड्यांच्या जागी बसला होता. त्याने ते बघितलं.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी गाडी कोपरगावच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाला विकली. त्याला मूळ नमुन्याचा पत्र्याचा डॅशबोर्ड हवा होता, म्हणून सागवानी काढून टाकला. तो आता दवाखान्याबाहेर विटांवर आडवा ठेवलेला आहे. पेशंट त्यावर चपला काढतात. पावसाळ्यात भोकांमध्ये छत्र्या अडकवतात.