सोनं पांढरं काहून पडलं, सोनारभाऊ?

सोनाराच्या दुकानात बसणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गिऱ्हाईक दागिना घेऊन जातं आणि एक गोष्ट काउंटरवर सोडून जातं. मोहाडीच्या बाजारात आमचं दुकान आजोबांपासून आहे. पूर्वी किस्से असायचे ते रुसलेल्या जावयांचे, वरातीत हरवलेल्या अंगठ्यांचे. गेल्या वर्षभरात मात्र भलतीच भर पडली आहे. सगळे किस्से तोंडाला लावायच्या महागड्या क्रीमचे! तुम्ही म्हणाल, क्रीमचा आणि सोनाराचा काय संबंध? मीही आधी हेच म्हणायचो.

दुकानात माणसं तीनच. मी, साठी ओलांडलेला कारागीर भोजराज, आणि बिलाच्या कॉम्प्युटरवर माझी सून अश्विनी. मुलगा नागपूरला नोकरीला असतो, शनिवार-रविवार घरी येतो. चौथा मेंबर म्हणजे नातू यश, वय सात महिने, मुक्काम काउंटरमागच्या पाळण्यात. यश माझा जीव की प्राण आहे. तो रडला की समोरचं गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडून मी आधी उठतो, आणि त्यावरून भोजराज माझी भरपूर टिंगल करतो.

* * *

सुरुवात सिहोऱ्याच्या एका शिक्षिकाबाईंनी केली. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. बाई आल्या आणि कानातले टॉप्स काढून काउंटरवर आपटले.

"भाऊ, सोनं म्हणून चांदी विकली का आमाले?"

टॉप्स खरंच पांढरे! दोन महिन्यांपूर्वी मीच विकलेले, मागे हॉलमार्कचा ठसा जागच्या जागी. सगळी गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. सोनार विकतो सोनं, पण जगतो नावावर. तीन पिढ्यांत आमच्याकडे असं बोट कुणी दाखवलं नव्हतं.

भोजराजनं टॉप्स चिमट्यात धरले आणि बर्नरच्या ज्योतीवर नेले. बारीकसा धूर निघाला आणि खालून पिवळंधमक सोनं वर आलं.

"सोनं खरं हाय, बाई. याले पारा लागला."

"पारा? माह्या घरी पारा कायले राहीन?"

भोजराज बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग मीही पाहिलं. गाल गोरेपान, चकचकीत, सुरकुती औषधाला नाही. पण कानाजवळ, जिथे तो गोरेपणा संपत होता, तिथे कातडी राखाडी पडून पापुद्रे सुटले होते. बाई भयंकर चिडल्या होत्या, आवाज टिपेला गेला होता, आणि चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं.

विचारलं तर कळलं, बाई क्रीम लावतात, मुलीनं परदेशातून पाठवलेली. मखमली खोक्यात येते, सोबत काढायला छोटा चमचा. खोकं इतकं देखणं की माझे हाराचे डबे त्यापुढे गरीब वाटावेत. मी चाचरत म्हटलं, "बाई, त्या क्रीमनं तर नसेल?"

"क्रीमनं काई नाही होत, भाऊ. पाहा न, तोंड कसं उजळलं!" असं म्हणून त्या हसल्या. हसले फक्त ओठ.

* * *

दुसऱ्या बाई भंडाऱ्याहून आल्या. पुतणीच्या लग्नासाठी महिनाभर आधीपासून चेहऱ्यावर मेहनत चालू होती. तोंड एवढं सुजलेलं की डोळ्यांच्या जागी दोन फटी. पर्समधून त्यांनी एक जड काचेची बरणी काढली.

"याच्यात चोवीस कॅरेट सोनं हाय म्हणते. जरा तपासून सांगा न जी."

आयुष्यात पहिल्यांदाच मी मलमाची परीक्षा घेतली! दगडावर घासलं, ॲसिड टाकलं, भोजराजनं जाळूनही पाहिलं. सोनं काही निघालं नाही. बाईंची कातडी मात्र कपाळावरून टिकलीसकट निघाली होती.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "आलीच हाओ तं एक हार पाहून घेते." मी हार दिला. त्या भिंतीवरच्या आरशासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ तशाच. मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "भाऊ, त्या बाईले जरा बाजूले सराले सांगा. मले आरसा पाहू द्या."

अश्विनी यशला घेऊन घरी जेवायला गेली होती. दुकानात दुसरी बाई नव्हती.

* * *

हे फक्त बायकांचं असं समजू नका. एका सरकारी ऑफिसातले बाबू आले, लग्न ठरलेलं. साखरपुड्याची अंगठी पांढरी, आणि तीही फक्त उजव्या हातातली. डाव्या हातातली पिवळीच.

"काका, तुमच्याकडच्या सोन्यात गडबड आहे. सासरवाडीत बोभाटा झाला!"

आता मी शहाणा झालो होतो. "साहेब, क्रीम कोन्या हातानं लावता?"

"क्रीम? मी? छ्या!"

"उजव्याच हातानं लावत असान."

बाबू लाल झाले, म्हणजे जिथे जिथे कातडी शिल्लक होती तिथे तिथे झाले. मी अंगठी साफ करून दिली. जाताना त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि रुमाल खिशात घातला. डावी भुवई रुमालासोबत गेली. त्यांना सांगावं की नाही, हे मी आणि भोजराज अजून ठरवतो आहोत!

* * *

पुढच्या किश्श्याला मात्र आम्ही हसलो नाही. जवळच्याच खेड्यातली तरुण सून, नवरा आखातात ड्रायव्हर. तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या पांढऱ्या पडल्या. आता टॉप्स पांढरे पडणं वेगळं आणि मंगळसूत्र पांढरं पडणं वेगळं! सासूनं हंबरडा फोडला, देव पाण्यात घातले. त्यातच नवऱ्याचा फोन चार दिवस बंद. घरी शेजारीपाजारी येऊन खालमानेनं बसू लागले.

पाचव्या दिवशी नवरा स्वतःच एसटीतून उतरला, तब्येतीनं गलेलठ्ठ. फोन प्रवासात हरवला होता. बॅगेत बायकोसाठी त्याच क्रीमच्या आणखी तीन डब्या.

दोघं जोडीनं वाट्या साफ करायला आले. तो खो खो हसत होता. "पाहा सोनारभाऊ, मी तं ठणठणीत हाओ! आमच्या मायनं जितेपणीच मले मारलं."

भोजराजनं मंगळसूत्र पिवळं करून तिच्या हातात दिलं. तिला आकडा लावता येईना. बोटं थरथरत होती, वाऱ्यावर पान हलावं तशी. तिनं तीनदा प्रयत्न केला, मग मंगळसूत्र तसंच मुठीत धरून नवऱ्याला विचारलं, "तुमाले काही झालं नाही, मंग हे कोनासाठी पांढरं झालं जी?"

तो पुन्हा हसला. या वेळी एकटाच.

* * *

आणि एक आठवते ती मोहाडीचीच, आमच्याच गल्लीतली ताई. तिचं दुखणं निराळं. क्रीम लावली की चेहरा झकास, दोन दिवस सोडली की आग, पुरळ, काळे चट्टे. "तोंडच मागते, भाऊ," ती म्हणाली. "मी सैपाक करत राहते न, इकडं गाल बोलावून राहिले, आन न, आन न, म्हनून."

तिनं डबी काउंटरवर ठेवली. "हे झाळून द्या. मले उघडता नाही आली पायजे."

काचेची डबी डाख लावून झाळायची कशी? टाकून दे म्हटलं, तर म्हणाली टाकायला हात धजत नाही. शेवटी भोजराजनं भंडाऱ्याच्या बनावटीचा छोटा पितळी डबा आणला, आत डबी ठेवली आणि झाकण चहूबाजूंनी झाळून पक्कं केलं. ताईनं डबा हलवून पाहिला. आतून टकटक आवाज आला. समाधानानं घेऊन गेली.

पंधरा दिवसांनी परत आली. चेहरा झकास! मी डबा पाहायला मागितला, तर झाळ जशीच्या तशी, कुठे ओरखडासुद्धा नाही. मी डबा कानाशी हलवला, तर आत टकटक तशीच.

ताईनं हळूच पिशवीतून दुसरी डबी काढली. "नवीन आनली. हे पन झाळून द्या न, भाऊ!"

* * *

एवढं होईपर्यंत आमची पुरती बदनामी झाली होती. 'मोहाडीच्या सोनाराचं सोनं पांढरं पडते' हे वाक्य तालुकाभर फिरलं. लग्नसराईत लोक आमच्या दारावरून पुढच्या दुकानात जाऊ लागले. मला जेवण गोड लागेना.

भंडाऱ्याला एक कातडीच्या डॉक्टर मॅडम आहेत. सोनं पांढरं पडलेलं गिऱ्हाईक आलं की मी सोनं साफ करून देत असे आणि मॅडमचा पत्ताही देत असे. त्यांनी मला फोनवर नीट समजावलं होतं. "काका, तोंड गोरं करायला असल्या काही क्रीममध्ये पारा घालतात. तो कातडीतून आत जातो. किडनीला लागतो, हात थरथरतात. लावणारीलाच नाही, तिच्या अंगाला अंग लागणाऱ्यालाही."

मी सगळं ऐकलं. हो हो म्हटलं. पण खरं सांगतो, माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, दुकानाचं नाव. आणि मला मस्त आयडिया सुचली! दुकानाच्या दर्शनी भागात बोर्ड लावला: 'चेहऱ्याला क्रीम लावण्याआधी दागिने काढून ठेवा. सोन्याची चमक टिकवा.' अश्विनीचं अक्षर मोत्यासारखं, तिच्याकडूनच लिहून घेतला.

महिन्याभरात तक्रारी बंद! एकही पांढरा दागिना आला नाही. गिऱ्हाईक परतलं. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. घरातही सगळं छान चाललं होतं. बाळंतपणानंतर अश्विनीच्या गालांवर वांग उठले होते, तेही या दिवसांत साफ गेले. मी म्हटलं, नातवाचा पायगुण.

मॅडमचा फोन आला. "काका, तुमच्याकडून पेशंट यायचे बंद झाले."

"बरे झाले असतील, मॅडम!" मी आनंदानं म्हटलं.

मॅडमनी फोन ठेवला.

* * *

शेवटचा हा गेल्या मंगळवारचा.

यशची पंधरा दिवसांपासून सारखी किरकिर चालू होती. दूध तोंडात धरेना, अंगाला घाम, तळहात आणि तळपाय गुलाबी होऊन सालं निघत होती. दात येत असतील, असं जो तो म्हणत होता. मीही तेच म्हणत होतो. दुपारी दुकानात सामसूम होती. यश जरा झोपला होता, म्हणून मनात आलं, याच्या बाळ्या उजळून ठेवाव्यात. कान टोचले तेव्हा भोजराजनं स्वतःच्या हातानं घडवलेल्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या.

मी हलक्या हातानं दोन्ही काढल्या आणि कापसावर ठेवल्या. डावी पिवळी होती. उजवी पांढरी.

भोजराजनं चष्मा लावला. बाळी बोटावर घेतली, उजेडाकडे धरली, परत कापसावर ठेवली. बर्नर त्यानं पेटवलाच नाही. तो फक्त माझ्याकडे पाहत राहिला. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

"अश्विनी," मी हाक मारली, "बेटा, तू तोंडाले काही लावते का?"

ती कॉम्प्युटरमागून उठून आली. लाजली. दुपारच्या उजेडात तिचे गाल गोरेपान, चकचकीत दिसत होते.

"लावते न, मामाजी. माहेरून आनली, लय भारी हाय. पन तुमी कायले काळजी करता?" तिनं हौसेनं कानातले टॉप्स दाखवले, मंगळसूत्र पुढे धरलं, अंगठीचं बोट नाचवलं. सगळं पिवळंधमक. "सोनं काढून ठेवल्याबिगर मी एक दिवस नाही लावली. तुमचं नाव खराब होऊ देईन का मी?"

तेवढ्यात पाळण्यात यश रडायला लागला. अश्विनीनं त्याला पटकन उचललं आणि "अले माझ्या राजा" म्हणत, रोजच्यासारखा, त्याचा उजवा गाल आपल्या गालाला घट्ट लावला.