पिस्तूल कुणाच्या हातासाठी

ती घटना माझ्या कुठल्याही स्टेशन डायरीत सापडणार नाही, तरी नोकरीतल्या सगळ्या गुन्ह्यांपेक्षा ती मला जास्त स्पष्ट आठवते. पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी दोह्याला आले होते. नवरा सकाळीच साइटवर जायचा. मुलगी शाळेतून आली की माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. अल थुमामा भागातल्या आमच्या घरावरून विमानं खाली उतरत राहायची आणि मला आठवायची सकाळची हजेरी, वायरलेसची खरखर, ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा साय धरलेला चहा, शस्त्रागाराच्या दारात येणारा तेलाचा वास.

शस्त्रागाराची एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

नोकरीच्या शेवटच्या काळात साध्या वेशातल्या महिला पथकासाठी लहान पिस्तूल निवडायचं होतं. कपड्यांत लपेल असं, वर रेड डॉट बसवलेलं. चाचणीच्या समितीत मी होते. रेड डॉट म्हणजे पिस्तुलाच्या पाठीवर बसवलेली अंगठ्याच्या नखाएवढी काच. तीत एक लाल ठिपका दिसतो, तोही फक्त नेम धरणाऱ्याला. समोरच्याच्या छातीवर लाल टिकली पडते ते यंत्र वेगळं, पण सिनेमा बघून सगळे यालाच ते समजतात.

गोळीबाराच्या मैदानावर मी मुलींना साडीत, पंजाबी ड्रेसमध्ये, जीन्समध्ये उभं केलं. पुरुषाच्या कमरेला पट्टा असतो, साडीला नसतो. इतका साधा मुद्दा आमच्या आधी कुणी मांडला नव्हता. एका शिपाई मुलीने पर्समधून पिस्तूल काढलं, हात सरळ केले आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं गं?"

"मॅडम, ठिपका दिसत नाही. पावडर दिसतेय."

पर्समधली पावडर काचेवर बसली होती. मैदानावरचा हवालदारसुद्धा तोंड फिरवून हसला. पण त्या दिवसापासून पर्स बाद झाली. सगळ्यात लहान पिस्तूलही आम्ही नाकारलं. ते लपायचं छान, पण हातात उडायचं फार आणि त्याची स्लाइड, म्हणजे गोळी चढवायला मागे ओढायची वरची पट्टी, इतकी कडक, की घामट हातांनी निम्म्या मुलींना ती मागे ओढता येईना. लपवायला सोपं ते चालवायला अवघड, हे मी अहवालात लिहिलं होतं.

हा किस्सा मी दोह्यात मराठी कुटुंबांच्या एका सहलीत सांगितला. आमची गाडी चालवत होते नवऱ्याच्या कंपनीतले ड्रायव्हर, रत्नागिरीचे, पन्नाशी ओलांडलेले. मी त्यांना भाई म्हणते. त्यानंतर काही आठवड्यांनी ते घरी सामान पोचवायला आले आणि पिशव्या ठेवल्यावरही दारातच थांबले.

"मॅडम, एक गोष्ट आहे. सांगू की नको, समजत नाय."

"पाणी प्या आणि सांगा."

"आमच्या खोलीत क्रेन ऑपरेटर आहे. सांगलीकडला. सज्जन माणूस. पण हल्ली ड्युटीवरून आला की मोबाइलवर पिस्तुलं बघतो. लहान, छुपवायची. त्याच्यावर ती लाल ठिपक्याची काच, तुम्ही सांगितलेली. पुढच्या महिन्यात सुट्टीवर गावाला निघालाय. विचारलं तर म्हणतो, भाई, तुम्ही झोपा."

कतारमध्ये खाजगी माणसाच्या बॅगेत रिकामं काडतूस सापडलं तरी त्याची नोकरी आणि सुटका दोन्ही अवघड होतात. पण भाईंची भीती ती नव्हती.

"गावात कुणाचा तरी मुडदा पाडेल आणि खलास," ते म्हणाले. "मॅडम, त्याचं घर आहे, मुलं आहेत."

खबर देणारा स्वतःचं काही मागत नसेल तर ती बहुधा खरी असते. मी म्हटलं, "त्यांना सांगा, निवडायला मॅडम मदत करतील."

"मदत?"

"तेवढंच सांगा. बाकी काही बोलू नका."

शुक्रवारी सुट्टी. भाईंनी मला दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मदला नेलं. तिथे एका जुन्या व्हिलात भाईंसारख्या कामगारांच्या खोल्या आहेत. थंडीचे दिवस होते. चहाच्या दुकानासमोर भाईंनी गाडी लावून हॉर्न वाजवला. इथे चहा असाच मागवतात. कागदी कपांतून वेलचीचा दाट चहा आला. क्रेन ऑपरेटर पुढच्या सीटवर येऊन बसले, मी मागे. उंच, काळेसावळे, इस्त्रीचा शर्ट. कप त्यांच्या पंजात औषधाच्या झाकणाएवढा दिसत होता.

चहा संपवून भाई नमाजाला निघाले. जाताना खिडकीतून म्हणाले, "घाबरू नकोस रे. मॅडम रिटायर आहेत. आता फक्त नवऱ्याला आत टाकतात."

दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. रस्ता मोकळा झाला. चौकशीला मला याहून बरी खोली क्वचितच मिळाली असेल.

मी पहिला प्रश्न जेवणाचा विचारला. संशयिताला नेहमी तोच विचारावा. नीट जेवणारा माणूस काही ठरवून बसलेला असतो, न जेवणारा अजून ठरवत असतो.

"जेवण जात न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "डबा तसाच परत आणतोय."

"दाखवा, काय बघितलंय."

त्यांनी मोबाइल पुढे केला. आम्ही नाकारलं होतं तसलंच, सगळ्यात लहान. वर काच. मी उलटतपासणी केली नाही, उपदेश तर नाहीच. निवडायला बसले.

"हे हलकं आहे. म्हणून जास्त उडेल."

"किती उडंल? मनगटाला धक्का बसंल का?"

"सवय नसेल तर बसेल."

"आणि ती वरची पट्टी ओढायला लय जोर लागतो का?"

"लागतो."

"नाजूक हाताला जमंल का पण?"

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. लोखंडी साखळदंड हाताळून तळवे फळीसारखे झालेले. या हातांना ती स्लाइड म्हणजे काडेपेटी.

परवान्याच्या चौकशीला आलेले शेकडो अर्जदार मी पाहिलेत. रागावलेला माणूस शत्रूबद्दल बोलतो. भ्यालेला घराबद्दल बोलतो, कडी, जिना, अंधारी गल्ली. हौशी माणूस नुसता मॉडेलबद्दल बोलतो. हा माणूस सारखा हाताबद्दल बोलत होता, आणि तो हात त्याचा नव्हता.

"पर्समध्ये राहील का?" त्यांनी विचारलं.

"पर्समध्ये काचेवर पावडर बसते. ठिपका दिसत नाही." मी आवाज बदलला नाही. "पिस्तूल हाताच्या मापाने घेतात. बांगडी किती लागते?"

"सव्वादोन," ते म्हणाले.

मग त्यांनी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला.

आखातातला मराठी माणूस घरच्या बायकांच्या बांगडीचं माप विसरत नाही. इथल्या सोन्याच्या बाजारात काउंटरवर तेच पहिलं विचारतात. बायकोचं, आईचं, बहिणीचं, सगळी मापं तोंडपाठ असतात.

"सव्वादोन म्हणजे लहान चण," मी म्हटलं. "मुलगी?"

त्यांनी मानेने हो म्हटलं.

"फार्मशीला हाय. हॉस्टेलवर ऱ्हाती. एकजण मागं लागलाय. खाणावळीच्या दारात उभा असतो, नवनव्या नंबरवरनं फोन करतो. ॲसिड टाकीन म्हणालाय. चौकीत गेलती एकदा. तिथल्यानं सांगितलं, सिम बदल. आईला सांगू नका म्हणती. मॅडम, मी हितं वर केबिनमधी बसून चाळीस चाळीस टनाचं लोखंड उचलतोय, आन्‌ त्या पोराला तिच्या वाटंतनं बाजूला करता येईना मला."

तालुक्याच्या गावातला एकजण त्यांना पिस्तूल देणार होता. इम्पोर्टेड, रेड डॉटवालं, परवान्याची भानगड नको. सुट्टीत घ्यायचं आणि मुलीच्या हातात द्यायचं, एवढा बेत.

"मुलीला विचारलंत?"

"न्हाई."

"तिच्या पर्समध्ये ते सापडलं तर आरोपी कोण होईल?"

उत्तर मीच दिलं.

"तो पोरगा मोकळा, आणि आर्म्स ॲक्टखाली तुमची मुलगी आत. तुम्ही तिच्या आधी. लावा फोन तिला."

ते लावेनात. मी फोनकडे बोट दाखवून थांबले. शेवटी स्पीकरवर लावला.

"पप्पा, आत्ता कसा केला?"

"एक मॅडम हायत. पोलीस. बोल."

"पप्पा, तुम्ही कुणाला सांगितलं?" ती म्हणाली. मी फोन घेतला. नाव, कॉलेज, खाणावळ, वेळा, मेसेज पुसले की ठेवलेत, एवढंच विचारलं. रडायला जागा ठेवली नाही. तपशील विचारले की माणूस आपोआप सरळ बसतो. सगळे मेसेज तिने जपले होते. फोन ठेवण्याआधी म्हणाली, "मॅडम, मला लायब्ररीत जायचंय. तिकडे तो असतो म्हणून मी जात नाही. माझी परीक्षा आहे."

वडील पिस्तूल शोधत होते, तिला लायब्ररी हवी होती.

मी त्या पावडरवाल्या शिपाई मुलीला फोन केला. आता ती फौजदार झालीये, शेजारच्या जिल्ह्यात. तिने त्या शहरातल्या महिला पथकाशी बोलून घेतलं. मुलीने स्वतः जाऊन जबाब दिला, या वेळी सिम बदल म्हणणारं कुणी नव्हतं. पुढे काही दिवस साध्या वेशातली एक पोलीस मुलगी तिच्याबरोबर लायब्ररीत बसली, खाणावळीत जेवली. तो पोरगा आला, त्याने मुलीचा रस्ता अडवला आणि मनगट धरलं. त्याचंही मनगट लगेच धरलं गेलं. साध्या वेशातल्या मुलीकडे आम्ही निवडलं होतं तसलंच पिस्तूल होतं. ते बाहेर काढावं लागलं नाही.

तालुक्याच्या त्या विक्रेत्याचा नंबर मी ऑपरेटरकडून घेऊन स्थानिक गुन्हे शाखेला दिला. छाप्यात निघाला तो गावठी कट्टा. वर खेळण्यातल्या बंदुकीची काच डिंकाने चिकटवलेली.

भाईंना मी जितकं सांगायला हवं तितकंच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मुडदा नाय पडणार?"

"नाही."

"शुक्रन, मॅडम. आता मी पण झोपतो."

इतकी वर्षं मी संशयितांना विचारत आले, हत्यार कुठून आणलंस, कशासाठी आणलंस. हे कुणाच्या हातासाठी, असं कधी विचारलं नव्हतं. आजही कुणी मला विचारतं, मॅडम, कुठलं पिस्तूल चांगलं? दोह्याच्या द पर्ल या महागड्या वस्तीतल्या श्रीमंत बायकाही विचारतात, गावच्या फार्महाउससाठी. मी मॉडेलचं नाव सांगत नाही. आधी विचारते, कोण चालवणार आणि त्या माणसाला विचारलंय का? बहुतेक वेळा विचारलेलं नसतं. मग आम्ही दाराच्या कडीबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, पोलीस ठाण्याच्या नंबरबद्दल बोलतो. ज्यांना खरोखर लागतं असे थोडे असतात, आणि ते सरावाचे तास मोजतात, ठिपक्याचा रंग नाही.

ऑपरेटर सुट्टीवर निघाले तेव्हा विमानतळावर सोडायला भाई निघाले होते. आमच्या घरावरूनच रस्ता. गाडी दारात थांबली.

"मॅडम, नमस्कार करतो म्हणाला," भाई म्हणाले.

"नमस्कार नंतर. बॅग उघडा."

ऑपरेटरनी हसत फूटपाथवर गुडघे टेकून चेन ओढली. मी रीतसर झडती घेतली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, प्रशिक्षणात शिकवतात तशी. खजुराचे डबे, दूध पावडर, अत्तर, बायकोसाठी चादर, एक टॉर्च. अगदी तळाला लोकरी मोजा, आत काहीतरी कडक. मी हात घातला. कागदात गुंडाळलेल्या सोन्याच्या दोन बांगड्या.

"सव्वादोन?"

"सव्वादोन," ते म्हणाले. "परीक्षा झाली तिची."

मी मोजा होता तसा गुंडाळून ठेवला, चेन लावली आणि उभी राहिले. भाई पंचासारखे हात बांधून बाजूला उभे होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "झडतीत आक्षेपार्ह असे काहीही मिळून आले नाही."