हात मागे!

अकोल्याहून शाळेची सहल अमरावतीच्या संग्रहालयात नेली, की मी दारातच दरडावायची, "हात मागे! कशालाही हात लावायचा नाही."

निवृत्तीनंतर परवा पुन्हा तिथे गेले. आता डोळ्यांवर भलामोठा चष्मा चढवतात. चढवला, तर काचेच्या कपाटातलं जुनं मडकं माझ्यापुढे तरंगायला लागलं. कानात आवाज आला, "उचलून पाहा." माझे हात आपोआप पाठीमागे गेले. खरं मडकं कुलपात आणि नसलेलं हातात, वा रे प्रगती!

चष्मा लावून देणारा मिशाळ माणूस हसला. "मॅडम, मी तुमचाच विद्यार्थी. तवा उघड्यावर असलेल्या याच मडक्याले हात लावला म्हणून तुमी मले मारलं होतं. आता लावा बिनधास्त. कोणी मारत नाही."