बहाव्याला झालेलं जास्तीचं पाणी

कोथरूडला आमच्या सोसायटीमागे टेकडी आहे. मी रोज सकाळी ती पळत चढायचे. माथ्यावरच्या बाकापाशी निवृत्त मंडळींचा कट्टा भरलेला असायचा. त्यातले एक काका, उभा जन्म बँकेत काढलेले, मी समोरून गेले की मनगटावरच्या घड्याळाकडे बघत विचारायचे, "आग लागलीय का कुठे?" मला भयंकर राग यायचा. बाई पन्नाशीला आली तरी पळतेय, तिला सरळ 'छान' म्हणायला काय जातं?

टेकडीवर झाडं लावणाऱ्यांची एक पद्धत आहे. पावसाळा संपला की ज्यानं त्यानं आपल्या झाडासाठी घरून पाणी न्यायचं. माझा एक बहावा होता. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या टाकून मी पळायचे.

त्या वर्षी पाऊस सरता सरता मला चिकुनगुनियानं गाठलं. ताप उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. डब्याचं झाकण उघडायलासुद्धा नवऱ्याला हाक मारावी लागे. पळण्याचे बूट दाराशी धूळ खात पडले आणि त्यांच्याकडे बघणं मी टाळायला लागले.

ऐन थंडीत डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली. पहिल्याच चढाला धाप लागली. वाटेतला दगडन् दगड पायांना पाठ होता, छातीला मात्र काहीच आठवत नव्हतं. बसत उठत कशीबशी वर पोचले, तर काकांनी चक्क उठून मला जागा दिली. "या, बसा. अगदी सावकाश. घाई काय आहे?"

मी घाबरलेच. पुण्यातला माणूस असा गोड बोलायला लागला की समजावं, आपलं काही खरं नाही. आता ही काही पुन्हा पळत नाही, असं या सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं बहुतेक. डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून मी बहाव्याकडे वळले.

त्याची पानं पिवळी पडली होती आणि बुंध्याशी चिखल होता. सगळी टेकडी कोरडी ठणठणीत, आणि इथे चिखल! हे कसं, म्हणून मी कट्ट्यावर विचारलं. तिथल्या एक आजी म्हणाल्या, "मी घालत होते हो कॅनभर. म्हटलं, तुमचं झाड जायला नको."

त्यांच्या शेजारी बसलेले गृहस्थ चमकले. "म्हणजे? तुम्हीपण?"

काका एकदम लांबच्या इमारती निरखायला लागले. मग सगळंच बाहेर आलं. चांगुलपणा करताना कुणी बघू नये म्हणून कोणी उजाडताना, कोणी दुपारी, तर कोणी संध्याकाळी गुपचूप येऊन माझ्या झाडाला पाणी घालून जात होतं. रोज, प्रत्येक जण. मी हसत सुटले आणि हसता हसता रडलेही. गुडघे धरून चढणारी ही माणसं माझ्यासाठी पाणी वाहत होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"पुरे," काका म्हणाले. "उद्यापासून इथलं कुणी थेंबभर पाणी घालणार नाही. झाड तुमचं आहे, तुम्ही बघा."

म्हणून मी जात राहिले. आधी माती सुकली का ते बघायला, मग एक बाटली घेऊन. कंटाळा यायचा, पाय दुखायचे, पण बहाव्याला दुसरं कोणी नव्हतं. पळून बघायचं धाडस मात्र होत नव्हतं. जमलं नाही तर काय, ही भीती रोज बरोबर असायची.

बहाव्याला नवी पालवी दिसली त्या सकाळी मी शेवटचा छोटा चढ पळाले. पळाले कसली, लगबगीनं गेले म्हणा. छातीचा भाता झाला होता. बाक आला. काकांनी मनगट वर केलं.

"आग लागलीय का कुठे?"

मी थांबले नाही. थांबले असते तर त्यांच्यासमोर रडले असते, आणि ते त्यांना मुळीच चाललं नसतं.