वहिनीने पुसलेला लाल रंग

माझी वहिनी कुणाचीही फाइल उघडली की आधी "शी!" म्हणते. मनात नाही, तोंडाने, आणि असं की शेजारच्या टेबलावरचा माणूस आपल्या चपलेचा तळ तपासतो. ऑफिसात तिला मागून फिनेलबाई म्हणतात. हे नाव मी पाडलेलं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण नणंदेच्या माथी कुणीही काहीही मारतं.

दादा, वहिनी आणि मी एकाच घरात राहतो आणि एकाच भाषांतर कंपनीत राबतो. यंत्रांसोबत जी माहितीपुस्तकं येतात, ती आम्ही करतो. दादा भाषांतर करतो, मी पानं लावते आणि वहिनी शब्द सांभाळते. कुठल्या भागाला काय म्हणायचं, कुठल्या बटणावर काय लिहायचं, ते सगळं तिच्या ताब्यात. ऑफिस टायरच्या दुकानावर आहे. रबराचा वास जिन्याने वर येतो, फ्रिजमध्ये कुणाचा तरी डबा बुरशी धरून बसलेला असतो, कीबोर्डच्या फटींत बिस्किटांचा चुरा. या उकिरड्यात उभं राहून आमचे सर "दर्जा, दर्जा" करतात.

हे शब्द आधी एका भल्यामोठ्या शीटमध्ये होते. ऑफिसातल्या, आता निवृत्त झालेल्या काकांनी ती वर्षानुवर्षं वाढवली होती. काका जाणते, पण शीट म्हणजे अडगळीची खोली. एकेका सेलमध्ये तीन-तीन शब्द, मध्ये तिरकी रेघ. कुठे चार सेल एकत्र करून त्यात टीप कोंबलेली. आणि रंग! पिवळा, पोपटी, जांभळा, लाल, कशाचा कशाला मेळ नाही. वहिनी म्हणायची, "कुणीतरी जेवून वर ओकलंय यावर."

मग सरांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं. शीटमधले शब्द डेटाबेसमध्ये जाणार, भाषांतर करणाऱ्याने वाक्य उघडलं की ठरलेला शब्द समोर येणार, एंटर मारला की जागेवर बसणार. "एक बटण दाबा, शीट आत," असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. सरांनी बटण दाबलं. पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. आपल्या लिपीतलं एक अक्षर धड उरलं नाही. विकणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "तुमची शीटच जुनी आहे." त्याने हात वर केले आणि सरांनी वहिनीकडे पाहिलं.

वहिनी नाक मुरडत कामाला बसली. फाइल साठवण्याची पद्धत बदलली तेव्हा अक्षरं परत आली. मग कळलं की स्वल्पविराम दिसला की सॉफ्टवेअर नवा कॉलम धरतं, आणि काकांना स्वल्पविरामाचा भारी सोस. अर्धी टीप इथे, उरलेली भलतीकडे. ते निस्तरलं तर तिरक्या रेघेचे तीन शब्द त्याने एकच लांबलचक शब्द म्हणून गिळले. तेही तिने सुटे केले. शेवटी वैतागून तिने सगळी शीट निवडली आणि काकांची रंगपंगत एका फटक्यात पुसून टाकली. पांढरी स्वच्छ शीट. "आता कसं माणसांनी बनवल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. मूळ फाइल मात्र तिने जपून ठेवली, फेकाफेकी तिच्या स्वभावात नाही.

या वेळी शीट आत भरली तेव्हा पडद्यावरची पट्टी हिरवी झाली. "सर्व नोंदी यशस्वी." सरांनी त्या पट्टीचा फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवला. पट्टी हिरवी असली की आमच्याकडे कुणी डोकं चालवत नाही.

पहिलंच काम आलं ते घरी वापरायच्या औषधाच्या पंपाचं. रुग्णाला घरीच नळी लावायची, पंप हळूहळू औषध सोडतो. पुस्तक दादाकडे गेलं. सरांनी त्याला भाषाप्रमुख करायचं कबूल केलं होतं, म्हणून साहेब हवेत. उजवा हात एंटरवर, डावा फोनवर. मी माझ्या भावाला लहानपणापासून ओळखते. फुकट मिळालेलं काहीही तो न बघता तोंडात टाकतो.

त्याचं भाषांतर माझ्याकडे पानं लावायला आलं. पानं लावून मी ती छापखान्यात धाडली आणि शेवटची नजर टाकत होते, तेव्हा वहिनी चहाचा कप घेऊन सहज माझ्या मागे उभी राहिली. पडद्यावर बटणांच्या चित्रांचं पान होतं.

"हे काय लिहिलंय?" तिचा आवाज एकदम बदलला.

एका बटणाखाली लिहिलं होतं, "पूर्ववत करा."

नळी अडकली की पंप थांबतो आणि कोकलायला लागतो. ते बटण दाबलं की फक्त आवाज थांबतो. औषध सुरू होत नाही, नळी आपल्याला मोकळी करावी लागते. ठरलेला शब्द होता "आवाज थांबवा". "पूर्ववत करा" वाचून माणूस बटण दाबणार, औषध सुरू झालं असं समजून निवांत झोपणार, आणि पंप तसाच बंद. पूर्वी एका नर्सने यावरून काकांना फैलावर घेतलं होतं. तेव्हापासून काकांनी तो शब्द लाल करून ठेवला होता. लाल म्हणजे वापरायचा नाही. हे सगळ्यांना तोंडपाठ, म्हणून शीटमध्ये कुठेच लिहिलेलं नाही; पुसताना वैतागाच्या भरात वहिनीही ते विसरली.

वहिनीने मूळ फाइल उघडली. लाल सेलच्या ओळीच्या ओळी. ती खुर्चीत बसली.

"सॉफ्टवेअर रंग वाचतच नाही गं," ती म्हणाली. "पण मी ते पुसले नसते तर निदान मला तरी दिसले असते. नको असलेला प्रत्येक शब्द मी चांगल्या शब्दांच्या पंगतीला बसवलाय."

मला तिची दया आली. पण ती काही दयेसाठी थांबली नाही. उठली ती थेट सरांच्या केबिनमध्ये. पुस्तक छापखान्यात पोचलं होतं, संध्याकाळी यंत्रावर चढणार होतं.

सर म्हणाले, "मॅडम, पट्टी हिरवी होती ना? मग? आता थांबवलं तर गिऱ्हाईक आपल्याला दारात उभं करणार नाही. पुढच्या आवृत्तीत बघू."

पुढची आवृत्ती! मधल्या काळात पंप लावून झोपलेल्या माणसाने काय करायचं, आवृत्तीची वाट बघायची? त्या गुळगुळीत चेहऱ्याकडे पाहून मला किळस आली.

दादा मागोमाग आला होता. तिला दाराशी गाठून तो खालच्या आवाजात म्हणाला, "गप्प बस. रंग तूच पुसलेस. बोंब मारलीस तर दोघंही घरी बसू. माझं प्रमुखपद हातातोंडाशी आलंय."

"नर्सने त्या शब्दावरून काकांना झापलं तेव्हा तू तिथेच होतास ना?"

"होतो. पण सॉफ्टवेअरने समोर आणून दिला, मी घेतला."

"रंग मी पुसला," वहिनी म्हणाली. "तुझी अक्कल कुणी पुसली?"

तिने तिथल्याच टेबलावरचा फोन उचलला आणि पंपाच्या कंपनीला लावला. सर केबिनमधून "अहो, अहो" करत आले, पण तोवर पलीकडच्या बाईंनी फोन घेतला होता. वहिनीने सरळ सांगितलं. शब्द चुकलेत, छपाई थांबवा, पंप बंद राहील आणि रुग्णाला कळणार नाही.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. वहिनीने फोन कानापासून काढला आणि दादासमोर धरला.

"विचारतायत, भाषांतर कुणी केलं. बोल."

दादाने फोनकडे असं पाहिलं की जणू तो चावणार आहे. दोन पावलं मागे सरला. मग फोनमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "मला जे शब्द दिले, ते मी वापरले. शब्द तिच्याकडून आलेत."

माझा सख्खा भाऊ. मला त्याचा इतका तिटकारा आला की मी टेबलाची कड धरून ठेवली.

वहिनीने फोन परत कानाला लावला. "ऐकलंत ना? शब्द माझ्याकडून आलेत. चूक माझी आहे. तुम्ही आधी छपाई थांबवा."

छपाई थांबली. वहिनीने उरलेला दिवस बसून नवा कॉलम केला आणि एकेका लाल शब्दासमोर "वापरू नये" लिहिलं. मग डेटाबेस पुन्हा भरला, तपासला आणि सरांनी पुढे केलेल्या राजीनाम्यावर सही केली. सरांनी गिऱ्हाइकाला कळवलं की आमच्या नव्या भाषाप्रमुखांच्या दक्षतेमुळे चूक वेळीच पकडली गेली. दादाने तो मजकूर वाचला आणि मूग गिळून बसला.

घरी आल्यावर त्याला कंठ फुटला. वहिनी ओट्याशी भाजी चिरत होती. हा तिच्याजवळ जाऊन लाडात म्हणाला, "सगळं स्वतःवर घेतलंस. मला वाचवलंस तू."

वहिनीने सुरी खाली ठेवली. "तुला? तुझं नाव घेऊन वाद घालत बसले असते तर तेवढ्यात पुस्तक छापून झालं असतं. तुझी आठवणसुद्धा नव्हती मला."

ती बाहेर निघून गेली. दादाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मार बसल्यावर बघायचा तसंच, आता तू तरी माझ्या बाजूने बोल, असं. मी अर्धी राहिलेली भाजी पुढे ओढली आणि चिरायला लागले.