वेवजीहून आणलेलं धूड

वेवजीच्या एका बंद पडलेल्या फॅब्रिकेशन शेडमधून मी वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर टेम्पोत घालून डहाणूला आणला, तेव्हा बायको दारात उभी राहून म्हणाली, "रिटायर झालेली माणसं कुत्रा पाळतात. तुम्ही हे पाळा."

भंगारवाला त्यातलं तांबं सोलून बाकीचं मोडीत घालणार होता. आयटीआयमध्ये मी जन्मभर पोरांना वायंडिंग शिकवलं. शाबूत कॉइल डोळ्यांदेखत सोलली जाताना बघवेना. "लई जाव मास्तर, लई जाव," तो गुजरातीत म्हणाला, म्हणजे घेऊन जा, आणि मनात हसला असणार. चार माणसांनी उचलायचं ते धूड. ह्याचं आता करायचं काय, हा प्रश्न मला घरी आल्यावर पडला.

पहिले सहा महिने त्याने फाटक अडवून धरलं. मग बायकोने चिकूच्या फोडी वाळत घातल्या की वरच्या जाळीची दोरी त्याच्या कडीला बांधायला सुरुवात केली, आणि "कामाचं आहे हो" असं सर्टिफिकेट दिलं. मला राग आला. एवढी चांगली वस्तू आणि नुसतं वजन म्हणून वापरायची? मी बाहेरची कॉइल उतरवली आणि तिच्या जागी मनगटाएवढ्या केबलचे तीनच वेढे दिले. वेढे कमी, तर व्होल्टेज कमी आणि करंट भरमसाट. केबलची दोन टोकं गंजलेल्या नटाला धरली की नट आतून तापतो, फुगतो आणि गंज सोडतो. ना ज्योत, ना ठिणगी. पहिल्या चाचणीत अख्ख्या गल्लीची वीज गेली आणि समोरच्या वहिनी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, ते सोडा.

माझी सासुरवाडी झाईला. घर मासेमारीचं. मेहुणा तांडेल, बोट त्याच्या शब्दावर चालते आणि तो सासूबाईंच्या. तिथे मासळीचे वाटे पडतात. एक बोटीचा, एक जाळ्यांचा, मग खलाशांचे. मी तीस वर्षं रविवारी जायचो, पापलेट खायचो आणि परत यायचो. एकदा जेवताना गमतीत विचारलं, माझा वाटा कुठाय? सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्याला ताट असतं, मास्तर. वाटा कामाचा." सगळे हसले, मीही हसलो. पण ते मला लागलं, हे आज कबूल करतो.

मेहुणा फोन करायचा तो बहिणीला. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याचा फोन माझ्या मोबाइलवर आला. आदल्या दिवशी पूजा करून बोट पाण्याकडे ओढताना सुकाणू दगडावर आपटलं आणि त्याची लोखंडी पट्टी वाकली. नट काढल्याशिवाय पट्टी निघणार नव्हती, आणि नट गंजून एकजीव झालेला. पाना घसरून घसरून त्याचे कोपरेही गोल झाले होते. गॅस किंवा ग्राइंडर लावला तर काम दहा मिनिटांचं. पण त्या घराचा नियम असा, की नारळ वाढवल्यापासून पहिली फेरी होईपर्यंत बोटीला आग दाखवायची नाही. चूल नाही, विडी नाही, ठिणगीसुद्धा नाही. बोटीपर्यंत पोचणारं उधाणाचं शेवटचं पाणी त्याच दिवशी दुपारी चढणार होतं. ते चुकलं की थेट अमावास्या. म्हणजे सगळं गाव हंगामाची पहिली मासळी आणणार आणि ह्यांनी पंधरा दिवस किनाऱ्यावर बसून बघायचं.

"ते तुमचं यंत्र..." मेहुणा एवढंच म्हणाला. मी टेम्पोवाल्याला हाक मारली.

झाईच्या किनाऱ्यावर बर्फ फोडायच्या मशीनच्या लाइनवरून वीज घेतली. सासूबाई बोटीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी केबल बघितली, मला बघितलं.

"ह्यात जाळ आहे?"

"नाही."

"मग तापतं कशानं?"

"विजेनं."

"तापतं म्हणजे आगच की," एक खलाशी पुटपुटला.

सासूबाईंनी जरा विचार केला. "उन्हानं पण तापतं. उन्हाला कोण आग म्हणतं? करा, मास्तर. पण बोटीतून धूर निघाला की बंद."

लाकडावर ओलं गोणपाट गुंडाळलं, टोकं नटाला आवळली आणि स्विच टाकला. यंत्र घुमायला लागलं. पाच मिनिटांनी मेहुण्याने पाइप पाना लावून बघितला; नट ढिम्म. आणखी पाच मिनिटं. लाटा एव्हाना बोटीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, लागत होत्या. आणि मला कॉइलवरचं वार्निश जळल्याचा वास आला. तो वास मी झोपेतही ओळखीन. पोरांना मी दरवर्षी सांगायचो, हा वास आला की आधी स्विच पाडा, विचार मग करा.

धूर निघाला. "बंद करा! बंद करा!" मेहुणा ओरडला. माझा हात स्विचवरच होता.

सासूबाई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. "धूर यंत्राचा आहे, बोटीचा नाही. चालू द्या."

चालू ठेवलं तर कॉइल कायमची जळणार, हे तिथे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. स्विचवरचा हात काढून घेतला.

मेहुणा पान्यावर लोंबकळला, नट करकरला आणि फिरला. त्यानंतर थोड्याच वेळात यंत्राचं घुमणं थांबलं. पट्टी काढली, ठोकून सरळ केली, बसवली, आणि पाणी पुरतं चढलं तसं बोट उचलली गेली. सगळे तिकडे धावले. मी कॉइलवर हात ठेवला, चटका बसला. मला वाईट वाटलं. साधंसुधं नाही, रडू येण्याइतकं वाईट वाटलं. डोळ्यांचं खापर मी धुरावर फोडलं.

परत आणण्यात अर्थ नव्हता. ते तिथेच राहिलं. आता त्याच्या कडीला बोटीचा दोर बांधतात. शेवटी वजनच झालं त्याचं.

चारेक दिवसांनी मेहुणा डहाणूला स्कूटरवरून आला. पुढे पायांशी भलीमोठी ओली टोपली. पापलेट, दाढा, कोलंबी, गच्च भरलेली.

"अरे, एवढं कशाला?" बायको म्हणाली. "आम्ही खाणारी दोन माणसं."

"तुमच्यासाठी नाही, ताई. काल वाटे पडले. बोटीचा, जाळ्यांचा, आणि हा यंत्राचा." मग माझ्याकडे न बघता, चपलेने जमीन उकरत म्हणाला, "आईने निरोप दिलाय. म्हणाली, मास्तरांना सांग, हे ताट नाही."

टोपली चांगलीच जड होती. दोघंही हात लावायला पुढे आले, पण मी कुणाला लावू दिला नाही.